मरोद्याच्या तलावातलं खैराचं बुश

थांबा. हातातलं काम जरा बाजूले ठेवा. हे मले आत्ताच्या आत्ता सांगायचं आहे, नाही तं पोटातच मुरून जाईन. साहेब मीटिंगले गेले आहे, मशीन रिकामी आहे. मशीन हिंदीची, पण मराठी बी निमूटपणे छापते. अन् माझी बोटं एकदा सुटली का सुटली, मालगाडीले कुठं लगेच ब्रेक लागते? चुका दिसल्या तं समजून घ्या.

तं गोष्ट आहे एका बुशाची. बुश म्हणजे शाफ्ट ज्याच्यात फिरते ते नळकांडं, मनगटाएवढं. हसू नका. त्या मनगटाएवढ्या वस्तूपायी आमच्या घरी अख्खा पावसाळा कोणी दुसरी गोष्ट बोललं नाही.

आमी नागपूरकडचे. बाबा रेल्वेत फिटर, दुर्गच्या यार्डात मालगाडीच्या डब्यांची चाकं पायते. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो इथल्या नवीन पोलादाच्या प्लँटच्या बांधकामावर होता, लोखंडाचे बीम दोरानं वर चढवणाऱ्या टोळीत. मी रोलिंग मिलच्या स्टोअर ऑफिसात टायपिस्ट. अन् माय घरी, म्हणजे आमच्या तिघांच्या डोक्यावर. राहतो मरोद्याले. इथं सकाळी वाळत घातलेली पांढरी चादर दुपारी लाल होऊन घरात येते, एवढं खोदकाम चालू आहे चारी बाजूनं.

बाबाच्या दोन सवयी आधी सांगून ठेवते, पुढं कामी पडन. एक म्हणजे, जे काही फिरते त्याले बाबा उलटा हात लावून पायते. यार्डात गाडी येऊन थांबली का चाकाच्या एक्सल बॉक्सले उलटा हात. गरम तं नाही? गरम म्हणजे आतलं बेरिंग जळून राहिलं. तळहात कावून नाही, म्हून मी एकदा विचारलं, तं म्हणे, "तळव्याले घट्टे पडले, त्याले काही समजत नाही. उलट्या हाताची चामडी खोटं बोलत नाही." हे घरी बी चालते. मायच्या जात्याले उलटा हात. आमाले ताप आला का कपाळाले उलटा हात. एकदा ऑफिसात मले घ्यायले आला तं माझ्या टाइपरायटरले उलटा हात लावून म्हणे, "गरम नाही झाली. काम करतेस का बसून राहतेस?"

दुसरी सवय बादलीची. दर शनिवारी संध्याकाळी बाबा आपली हातोडी बादलीत उलटी उभी करून ठेवते, मुंडकं खाली, पाण्यात बुडेल अशी. दांड्याचं लाकूड पाणी पिऊन फुगते अन् मुंडकं असं घट्ट बसते का आठवडाभर हलायचं नाव नाही. घरात बादली एक. रविवारी सकाळी मायचा आरडाओरडा ठरलेला.

"अवो, पोरीनं आंघोळ करायची का तुमच्या हातोडीनं?"

"हातोडी कमावते, पोरगी खर्च करते," बाबा म्हणायचा. मी नोकरीले लागल्यावर बी हेच म्हणायचा.

आता दादाचं सांगते. मागच्या उन्हाळ्यात एक बीम सरकला अन् दादाचा डावा हात मधात सापडला. हात वाचला. बोटं बी वाचली, पण ती मिटत नाही. पंजा सरळ तो सरळच. दवाखान्यातून आल्यावर त्यानं मायजवळ एकच गोष्ट मागितली, शर्टाले डाव्या बाजूनं एक मोठा खिसा लावून दे. मायनं सगळ्या शर्टांले लावला. तवापासून हात खिशात. जेवताना खिशात, झोपताना खिशात. मी त्याची बहीण, मले बी दिसला नाही तो हात.

टोळीत त्याचं काम गेलं. मामाचं पत्र आलं का पोराले नागपूरले पाठवून द्या, माझ्या पानठेल्यावर बसन, पानं पुसाले एक हात पुरते. दादानं ते पत्र वाचलं अन् घडी करून त्याच खिशात टाकलं. माझा दादा, जो दिवसभर शिट्ट्या मारत पन्नास फुटावर चढून बसायचा, तो पानं पुसणार!

तवाच तलावाचं काम निघालं. मरोद्याचा तलाव तुमी पाहिला असन तं ठीक, नसन पाहिला तं एवढं समजा का प्लँटले अन् कॉलनीले पाणी इथूनच जाते, अन् इतका मोठा आहे का पल्याडचा माणूस मुंगीएवढा दिसते. पल्याड नवीन पंपघर बांधून राहिले होते. तिथं चाळीस माणसं. त्यांचे जेवणाचे डबे इकडून पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, चिखल तुडवत फिरून जायचे, ते जेवणाची सुट्टी संपल्यावर पोचायचे, तेबी थंडगार. म्हून पाण्याच्या खात्याच्या साहेबाले एक नाववाला पाहिजे होता. खात्याची पत्र्याची चपटी नाव होतीच पडलेली.

दादा गेला. साहेबानं खिशाकडं पाहिलं. "चप्पू दो हाथ से चलता है, भाई." चप्पू म्हणजे वल्हं.

"साहब, पैर तो दोनों साबुत हैं," दादा म्हणे. "पैर से चलाऊँगा."

असं काही त्यानं ठरवलं नव्हतं बरं! तोंडातून निघून गेलं. पण साहेबाले मजा वाटली. म्हणे, बरसात खतम होईपर्यंत बनवून दाखव. बाराच्या भोंग्याच्या आत डबे पल्याड पोचले पाहिजे. पोचले तं जागा तुझी, नाही तं दुसरा माणूस तयार आहे.

झालं. आमच्या अंगणात कारखाना उघडला. मोडक्या सायकलीचे पायडल अन् चेन नावेत मागच्या अंगाले बसवले. मागच्या टोकाले आडवा शाफ्ट, त्याच्यावर फळ्या लावलेलं चाक. पायडल मारलं का चेन शाफ्टले फिरवते, चाक पाणी मागं ढकलते, नाव पुढं. शाफ्टच्या दोन टोकांले दोन बुश. सगळं सोपं. फक्त ते दोन बुश कशाचे करायचे, तिथं गाडी अडली.

पहिले आमी सायकलचेच छर्रे टाकले, म्हणजे बॉल बेरिंग. वा! दोन दिवस लोण्यासारखं चाललं. मी बी एक चक्कर मारून आली, काठावरच्या पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या दिवशी कर्र कर्र. उघडलं तं आत लाल चटणी. नवीन खोदलेला तलाव, पाण्यात बारीक मुरूम मावत नव्हता, चाकानं उडवलेलं सगळं पाणी बेरिंगमध्ये. छर्रे गंजून खडबडीत.

मग पितळ. बाबानं दुर्गच्या एका ओळखीच्या खराद्याकडून दोन पितळी बुश कातून आणले. इतके सुंदर का मायनं एक मनगटाले बांगडीसारखं लावून पाहिलं. आठ दिवस चालले. पण झालं असं का मुरमाचे कण नरम पितळात रुतून बसले, अन् बुशच कानस बनलं. शाफ्ट छिलून निघाला. दादा म्हणे, "बाबा, आता उलटं करू. बुश फिरवू अन् शाफ्ट घासाले ठेवू."

बाबाले राग आला. "आता माझ्या पद्धतीनं," म्हणे.

बाबाची पद्धत म्हणजे रेल्वेची पद्धत, अन् रेल्वेची पद्धत म्हणजे व्हाइट मेटल. कथिलासारखा चमकणारा नरम धातू असते, डब्याचं अख्खं वजन त्याच्यावर फिरते. कबाड्याकडून जुना तुकडा आणला, चुलीवर लोखंडाच्या पळीत वितळवला, साच्यात ओतला. मायनं ती पळी पुन्हा घरात घेतली नाही. अन् सगळ्यात महत्त्वाचं, खाली डबी, डबीत तेलात भिजवलेला सुताचा गुंता, जसा गाडीच्या एक्सल बॉक्समध्ये असते. "तेल असते तिथं घासणं नसते," बाबा म्हणे. हे वाक्य मी लहानपणापासून आयकून राहिली. आमच्याकडं रविवारी सकाळी वंदना होते, त्याच्यानंतर बाबाचं हे वाक्य होते, असं समजा.

नाव पाण्यात गेली. गुळगुळीत चालली. अन् मागं पाण्यावर काय तं इंद्रधनुष्य! निळं, जांभळं, हिरवं, गोल गोल पसरून राहिलं. पाणी आत शिरलं, तेल बाहेर आलं. मले तं भल्लं आवडलं. साहेब पाळीवरून धावत आले.

"अरे! ये पीने का पानी है! यही तुम्हारी माँ के नल में जाता है!"

बाबाचं तोंड एवढंसं झालं. साहेबानं तिथंच सांगितलं, एक थेंब तेल पाण्यात दिसलं तं नाव बंद. अन् येत्या सोमवारी शेवटचं. पाऊस संपत आला होता.

आता बोला. छर्रे गंजते, पितळ घासते, व्हाइट मेटलले तेल पाहिजे अन् तेल बंद. आठ दिवस हातात. त्या संध्याकाळी दादानं खिशातून मामाचं पत्र काढलं, वाचलं, परत ठेवलं. पायात कोणी साखळी घालावी तसा बसला होता ओट्यावर.

आता माझा नंबर. मी टाइप करते तवा वाचत नाही. खरं सांगून राहिली. डोळ्यातून बोटात जाते, डोक्यात थांबत नाही, म्हूनच तं मी सगळ्यात फास्ट आहे. त्या मंगळवारी मिलच्या सुट्या भागांची यादी मारून राहिली होती. रशियन कागदांचं हिंदी करणारे एक दुभाषी बाबू आहे, त्यांच्या हातची. एका रकान्यात बेरिंगचं नाव, दुसऱ्यात कशाचं बनलं, तिसऱ्यात तेल कोणतं. ग्रीस, तेल, ग्रीस, तेल, पाणी, तेल...

बोटं थांबली. माझी बोटं थांबली! बाजूची टायपिस्ट म्हणे, "क्या हुआ, तबीयत ठीक है?"

पाणी? तेलाच्या रकान्यात पाणी? दुभाषी बाबूची चूक, मले वाटलं. कागद घेऊन धावत गेली.

ते हसले. "गलती नहीं है बेटी. वो टेक्स्टोलाइट है. कपड़े की तह पर तह, राल में दबाकर पत्थर जैसी. लाल लोहा दबाने वाले रोल उसी पर घूमते हैं."

"अन् तेल?"

"तेल नहीं. ऊपर से पानी. पानी ही उसका तेल है. देखो, नक्शे में नालियाँ बनी हैं, पानी इन्हीं से जाता है और कचरा भी बहा ले जाता है."

मी काय सांगू तुमाले! हत्तीएवढे रोल, ज्याच्याखाली तापलेलं लोखंड पापडासारखं लांबते, ते पाण्यावर फिरून राहिले, अन् आमी सायकलच्या चेनीसाठी तेल मागून राहिलो! पाच वाजले तशी घरी धावली. दादा शेजारच्या बाडीच्या, म्हणजे परसाच्या, कुंपणापाशी उभा होता, तिथंच सगळं ओकली. कापड! राळ! पाणी! नाल्या!

दादाचे डोळे चमकले, मग विझले. "ते तुझ्या स्टोअरमध्ये आहे. तू देशील काढून?"

नाही. गेटवर झडती होते म्हून नाही म्हणते, असं नाही. ज्या यादीत मी स्वतः तिचा नंबर मारला, ती वस्तू मी उचलणार नाही. दादाले बी माहीत होतं, म्हूनच डोळे विझले.

बाडीत शेजारची काकी ढेंकीवर भात कांडून राहिली होती. काकी इथलीच, मरोदा गावची. ढेंकी म्हणजे पायानं दाबून भात कांडायचं लांब लाकूड. मधात आडवी दांडी, ती दोन लाकडी खुंटांच्या खाचेत फिरते. पाय दाबला का तोंड वर, सोडला का धप्प. तिनं आमचं सगळं आयकलं होतं, आमच्या घरातलं सगळं ती आयकते. कांडता कांडता म्हणे, "तोर बाबू ला का हो गे हे? तेल, तेल, तेल. मोर ढेंकी ला देख. मोर सास के जमाना के ए, एक बूंद तेल नइ पिये हे." म्हणजे, तुझ्या बाबाले झालं तरी काय, माझी ढेंकी सासूच्या काळची, एक थेंब तेल नाही पिली.

दादानं कुंपण ओलांडलं. खाली वाकून खाचेवर बोट फिरवलं. काचेसारखी गुळगुळीत. "काकी, कोन लकड़ी ए?"

"खैर. अउ का?"

अन् गोठ्याच्या आढ्याले जुन्या ढेंकीची मोडकी दांडी टांगून होती, वर्षानुवर्षं धूर खाऊन काळीठिक्कर, हाडासारखी खणखणीत वाळलेली. काकीनं ती काढून दादाले दिली. "नाव मा एक दिन मोला घलो घुमाबे." मलेबी फिरवजो एक दिवस, एवढंच तिचं म्हणणं.

बाबाले सांगितलं तं बाबा हसला. "लाकूड? रेल्वेत लाकडाचे स्लीपर असते. लाकडावर रूळ झोपते, शाफ्ट नाही फिरत."

"तुमी किती दिवस रूळ मोजान?" माय म्हणे. "पोराची गाडी उभी आहे तिकडं."

बाबानं केलं. एकदा करायचं ठरलं तं बाबासारखं कोणी करत नाही. दांडी कापली, बरम्यानं भोक पाडलं, मधून चिरून प्रत्येक बुशाच्या दोन फाका केल्या, जशा रेल्वेच्या बेरिंगच्या असते, म्हणजे बोल्ट काढला का उघडते. मी नाल्यांचं सांगितलं. म्हणे, "चांगल्या घट्ट वस्तूले भेगा कशाले पाडायच्या?" नाही पाडल्या. तीन संध्याकाळ कानस मारून असं बसवलं का शाफ्ट घातला तं फस्स करून आतली हवा निघाली. "पतंगाचा कागद जाणार नाही मधात," बाबा म्हणे. इतका खूश का मायसमोर शिट्टी वाजवली. त्या शनिवारी हातोडी नेमानं बादलीत गेली.

रविवारी नाव पाण्यात. एक चक्कर, दोन चक्कर. आवाज नाही, कर्र नाही, तेल नाही. दादा हसला. बाबानं बुशाले उलटा हात लावला. थंड. नाव तिथंच पाण्यात बांधून आमी घरी आलो, अन् मायनं पुरणपोळ्या केल्या.

सोमवारी मी पोट दुखते म्हून अर्धी सुट्टी टाकली. (साहेब, तुमी हे वाचत असान तं पोट खरंच दुखत होतं, भीतीनं.) माय आली, बाबा ड्युटी बदलून आला, हातोडी कमरेले खोसलेली. पाण्याचे साहेब छत्री घेऊन उभे, मनगटावरच्या घड्याळाकडं नजर. चाळीस डबे नावेत रचले. दहा वाजून गेले होते. पलीकडं जायले अर्धा तास, म्हणजे टाइम बक्कळ.

दादा बसला. पायडलवर पाय ठेवला. दाबला.

काही नाही.

उभा राहून दाबला. चेन ताणली, कट्ट झालं, चाक जागचं हललं नाही. जसं कोणी सिमेंटनं भरून टाकलं.

"क्या हुआ?" साहेब म्हणे.

"कुछ नहीं साहब, एक मिनट," दादा म्हणे. त्याच्या कानामागून घाम उतरून राहिला होता. डावा हात खिशात अजून आत गेला.

बाबा गुडघाभर पाण्यात उतरला. बुश चाचपलं. काल फिरलं, आज कावून नाही? त्यानं कमरेची हातोडी काढली, एक ठोका देऊन पाहू म्हून वर उचलली. अन् तशीच वर राहिली. बाबा हातोडीकडं पाहून राहिला. दांडा अजून ओला होता.

"आता काय पायता?" माय काठावरून म्हणे. "दर शनिवारी तं भिजवता!"

हो! हो! लाकूड फुगते म्हून आमच्या घरातली एकुलती बादली जन्मभर ज्या माणसानं अडवून ठेवली, त्यानं वाळून हाड झालेलं लाकूड पतंगाच्या कागदाएवढी बी जागा न ठेवता बसवलं, अन् रात्रभर तलावात ठेवून दिलं. रात्रभर ते पाणी पिलं अन् शाफ्टले मगरीसारखं धरून बसलं. मले हसू आलं, मग दादाचं तोंड दिसलं अन् हसू गेलं.

बाबानं बोल्ट खोलले. चार फाका काढून फडक्यावर ठेवल्या, अर्धगोल कानस घेतली अन् तिथंच चिखलात बसून आतून छिलायले लागला, ओलं लाकूड. मी घड्याळ पाहून राहिली, साहेबाच्या हातावरचं.

लावून पाहिलं. फिरलं, पण जड.

"अजून," दादा म्हणे.

छिललं. लावलं.

"अजून, बाबा."

"अजून कशाले? बस झालं. आता हलाले लागन."

"हलू द्या."

"अबे, हलणारं बेरिंग म्हणजे... यार्डात असं ठेवलं असतं तं मले काढून टाकलं असतं."

"हे यार्ड नाही, बाबा. हे पाणी आहे. पाण्याले आत यायले जागा पाहिजे."

बाबाचा हात थांबला. तीस वर्षं ज्या माणसानं ढिलं ते खराब असं मानलं, त्याले ढिलं कर म्हणून राहिले होते, तेबी पोटचं पोट्ट. मी पिशवीत हात घातला, मैत्रिणीले लिहिलेलं पोस्टकार्ड होतं. "बाबा, हे जाईन इतकं." बाबानं पोस्टकार्ड घेतलं, मधात घालून पाहिलं, श्वास सोडला अन् छिलत गेला. ते जाईपर्यंत. मग हेक्सॉ करवत घेऊन न सांगता चार नाल्या पाडल्या प्रत्येक बुशात. माझ्याकडं पाहिलं नाही. पण पाडल्या.

बोल्ट लागले तवा साडेअकराले दोन मिनिटं होती. दादानं पाय दाबला अन् चाकानं आमाले सगळ्यांले भिजवून टाकलं.

चालली! आता खुळखुळ आवाज येत होता, जसं डब्यात चणे. बाबाचं तोंड वाकडं झालं त्या आवाजानं. पण तो पाळीवरून नावेबरोबर चालायले लागला, मग धावायले, मी मागं, माय तिच्या मागं पदर खोचून. वय काय त्याचं अन् धावते काय! मधात पोचला दादा तवा मले समजलं बाबा काय पाहून राहिला. बुश. गरम झालं तं? इतक्या लांबून उलटा हात लावता येत नाही ना.

अन् मग बाबा थांबला, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "उलटा हात! उलटा हात लाव!"

दादानं आयकलं. उजवा हात नाव वळवायच्या दांड्यावर, तो सोडता येत नव्हता. डाव्या बाजूचं बुश पाठीमागं हाताच्या अंतरावर. पाय चालू. एक क्षण काही झालं नाही. मग खिशातून तो हात निघाला. सरळ पंजा, न मिटणारी बोटं. मागं गेला अन् बुशावर टेकला, उलटा. मिटायची काय गरज होती त्याले? उलट्या हाताले मुठीची काय गरज?

मग त्यानं तो हात वर केला. सरळ, सगळ्या बोटांसकट, गार्ड झेंडी दाखवते तसा. थंड आहे! सब ठीक! पल्याडच्या चाळीस माणसांनी, साहेबानं, आमी सगळ्यांनी पाहिला तो हात. बाबानं आपला हात वर करून उत्तर दिलं, जसं यार्डात देते. अन् मग डोळ्यात मुरूम गेला म्हून खाली बसला.

नाव काठाले लागली अन् वरून भोंगा वाजला. तिकडून आवाज आला, "अरे वा, आज दाल गरम है!" दुसरा म्हणे, "गरम क्या, छलक भी गई है, आधी मेरी रोटी पर है!"

दादा परत आला तं साहेबानं वाकून बुशाकडं पाहिलं, बोट लावून वास घेतला. तेल नाही. "इसमें डाला क्या है?"

"पानी, साहब," बाबा म्हणे. "पानी ही इसका तेल है." हे वाक्य माझं होतं, म्हणजे दुभाषी बाबूचं, पण जाऊ द्या.

जागा दादाले भेटली, अन् मामाले येत नाही म्हून पत्र गेलं, नव्या नाववाल्याच्या हातचं. शर्टाचे मोठे खिसे अजून आहे, पण त्याच्यात आता कानस असते. काकी एक चक्कर मारून आली, अन् मधात नाव थांबवून तिनं बुशाले नमस्कार केला. मुरूम नाल्यांतून वाहून जाते, बुश थोडं थोडं झिजते, शाफ्टले काही होत नाही. खैराची दांडी बरीच उरली आहे. पुढचे दोन बुश बाबानं आधी भिजवून, मगच भोक पाडून तयार ठेवले. ते कुठं ठेवले असन? बादलीत! आता फक्त शनिवारी नाही, रोज! मायनं माझ्या पगारातून दुसरी बादली आणली, तिच्यात शनिवारी हातोडी असते. रविवारची आंघोळ आमी अजून लोट्यानंच करून राहिलो.

अन् बाबा? रोज संध्याकाळी पाळीवर जाऊन तो खुळखुळ आवाज आयकते, तोंड वाकडं करते, अन् बुशाले उलटा हात लावल्याशिवाय घरी येत नाही.

साहेबाच्या बुटाचा आवाज आला, लवकर संपवते. एकच सांगा मले. तुमच्या घरी बी झालं का असं, का ज्याच्यासाठी अख्खं गाव पालथं घातलं, ते आपल्याच बादलीत भिजत पडलं होतं?